जिथले दगड तिथे

फाल्गुन लागला की आमच्या धरणाचं पाणी उतरू लागतं आणि माझा पारा चढू लागतो. गेली पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललंय. मी राहते सांगलीत, कॉलेजात फिजिक्स शिकवते. धरण इथून लांब, सातारा जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत. तरी अंगणातल्या आंब्याला मोहर आला, दुपारच्या वाऱ्याला कोरडी धार चढली, की तो वास माझ्या नाकाशी येतो. उघड्या पडलेल्या गाळाचा वास. त्यात शिंपले असतात, कुजलेली मुळं असतात, आणि वरून लाँचच्या डिझेलचा एक तवंग.

यंदा त्यात एका गुळगुळीत रंगीत कागदाची भर पडली. स्टाफरूममध्ये शेजारच्या बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, हे तुमच्याच गावाकडचं ना? आम्ही सुट्टीत बुकिंग केलंय." तळ्याकाठी तंबू, तंबूपुढे दुर्बीण, दुर्बिणीला डोळा लावलेली एक गोरीपान मुलगी, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: अस्सल अंधाराचा अनुभव घ्या.

मी म्हटलं, छान आहे, जाऊन या. पुढच्या तासाला प्रॅक्टिकलमध्ये एका मुलीनं व्हर्नियरचं रीडिंग चुकवलं, तर तिच्यावर विनाकारण खेकसले. तिचा काही दोष नव्हता. मला त्या कागदावर खेकसायचं होतं.

अस्सल अंधार. तो आमच्याकडे कसा आला ते कागदावर नव्हतं. धरण बांधलं, त्यात आमचं गाव गेलं. निम्मं गाव आटपाडीकडच्या माळावर नेऊन वसवलं, तिथं प्यायला पाणी नव्हतं. जे राहिले ते पाण्याच्या वर, डोंगराला चिकटून राहिले. धरणाच्या पाण्यावर वीज झाली. तिच्या तारा आमच्या घरांवरून, मोठाल्या मनोऱ्यांवरून, डोंगर ओलांडून गेल्या. त्या गुणगुणायच्या, पावसाळ्यात जास्तच. खाली मात्र एकही उतरली नाही. मी बारावी होईपर्यंत आमच्या वस्तीत रॉकेलचे दिवे होते. म्हणून आमच्याकडे आकाश एवढं काळं होतं आणि चांदण्या एवढ्या दाट. पुढं कधी तरी शिकून आल्यावर मी त्या अंधाराचं कौतुक करत बसले होते, तर आत्यानं सूप माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "तुज्या चांदण्यांच्या उजेडात तांदूळ निवडून दाव." त्यानंतर मी अंधाराबद्दल गोड बोलणं सोडून दिलं.

पण सत्त्याण्णव सालचा वसंत त्याच अंधारात आला होता, आणि तो मला विसरता येत नाही.

बारावीची परीक्षा देऊन मी मिरजेहून घरी आले होते. मिरजेत मामाकडे शिकायला होते. साताऱ्याहून दिवसाला एकच एसटी धरणापर्यंत यायची, पुढं लाँच. मार्चमध्ये पाणी आत गेलेलं असायचं, त्यामुळे लाँच लांबच थांबायची आणि उरलेला अर्धा मैल भेगाळलेल्या गाळातून चपला हातात घेऊन चालायचं. वर डोंगरावर पांगारा लाल झालेला, कुठं कुठं वणव्याच्या काळ्या रेघा. आमचं घर वस्तीच्या टोकाला, एकटं. घरात तिघंच, आबा, आत्या आणि मी. आई माझ्या लहानपणीच गेली.

आबा म्हणजे माझे वडील. चोवीस वर्षं तोफखान्यात होते, सर्व्हे पार्टीत. तोफ नेमकी कुठं उभी आहे ते नकाशावर काढायचं, आणि बाकी काही खूण नसेल तेव्हा ताऱ्यांवरून काढायचं, हे त्यांचं काम. पेन्शन घेऊन आले तेव्हा पेटीत दोन गणवेश, बुद्धाची एक पितळी मूर्ती आणि ताऱ्यांची कोष्टकं होती. माणूस कमी बोलणारा. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि त्या वर्षी मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

त्यांच्या एका जुन्या साहेबांनी पुण्याहून जाड काचेच्या दोन चकत्या आणि घासायची पूड धाडली होती. डिझेलच्या रिकाम्या पिंपावर एक चकती ठेवायची, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं. घासून घासून वरची चकती खोलगट होत जाते आणि दुर्बिणीचा आरसा तयार होतो. सुरुवात आबांनी केली, पण त्यांच्या खांद्यात जुनी दुखापत होती. मग दिवाळीच्या, नाताळच्या, मिळेल त्या सुट्टीत मी घासलं. शेवटची तपासणी कंदिलाच्या उजेडात केली. पत्र्याला सुईनं भोक पाडून त्यातून येणारा उजेड आरशावर टाकायचा आणि दाढीच्या ब्लेडच्या कडेनं तो कापून बघायचा. आरशाला पुण्याहून चकाकी चढवून आणली. दुर्बीण झाली.

धूमकेतू येणार आहे हे आबांनी रेडिओवर ऐकलं होतं. चैत्रात संध्याकाळी वायव्येला दिसणार. अडचण वाऱ्याची होती. आमच्याकडे वसंतात दुपारपासून तळ्यावरून असा वारा सुटतो की दुर्बिणीतला तारा नाचत राहतो. म्हणून आबांनी ठरवलं, घरामागं परसात छातीइतकी गोल भिंत घालायची आणि वर सरकतं पत्र्याचं छप्पर. वेधशाळा हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला, तोही ओशाळून. आत्या त्याला 'खोपटं' म्हणायची.

दगड आणायचे कुठून, हा प्रश्न पाण्यानंच सोडवला. त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा खाली गेलं आणि जुनं गाव वर आलं. पांढरट वाळक्या गाळात जोती, विहिरीची कडी, आंब्याचे काळे बुंधे. आत्या आम्हाला घेऊन गेली. आत्या आबांची थोरली बहीण, ती त्या गावात वाढली होती. एका जागी थांबून म्हणाली, "नामा, हे आपलं घर." आबांनी विहिरीपासून पावलं मोजली आणि मान हलवली. वस्तीतलं सगळ्यात खालचं घर होतं. पाणी पहिल्यांदा त्यात शिरलं होतं.

आम्ही आमच्या घराचे दगड उचलू लागलो. डोक्यावरून, चुंबळीवर, तासाला दोन खेपा. चौथ्या दिवशी मारुतीतात्या बैलजोडी घेऊन आले. तात्यांचं घर जुन्या गावात सगळ्यात वर, सगळ्यात मोठं. आता तेही आमच्यासारखेच डोंगराला लटकलेले. त्यांचा मुलगा सैन्यात होता, म्हणून ते आबांना मान द्यायचे.

"हवालदार, तुमचं दगड लय बारीक हायत. आमच्या जोत्याचं घ्या की. नुसतं पडून हायत."

आबा घ्यायला तयार झाले. तात्यांनी आणलेल्या दगडांत त्यांच्या घराची एक पायरी होती, घडीव, मधोमध झिजलेली. ती बघून आत्या हातातलं टोपलं खाली ठेवून उभी राहिली.

"ह्या पायरीवर मला कवा पाय ठिवू दिला न्हाई," ती म्हणाली. "ताक मागाया आले की खाली उबी. वरनं वतायचं. माज्या घरात ही नगं."

आबा म्हणाले, "आक्का, दगडाचा काय दोस?"

"मग लावायची तर उंबऱ्याला लाव. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडाया पायजे."

मला वाटलं तात्या बैल सोडून निघून जातील. त्यांनी ती पायरी स्वतः उचलली, दोन ठिकाणी टेकत परसापर्यंत नेली आणि भिंतीला दारासाठी सोडलेल्या जागेत बसवली. मग आत्याकडे न बघता म्हणाले, "ठीव पाय." आत्यानं ठेवला. दोन्ही ठेवले. हा प्रसंग कुणाला सांगितला की लोकांचे डोळे भरून येतात. आत्याचे आले नव्हते. ती संध्याकाळी भाकरी थापताना म्हणत होती, "एवड्यानं फिटलं असं त्येला वाटत असंल."

भिंत पुरी झाली. छपराला खाली लोखंडी चाकं बसवली आणि ते ढकललं की गडगडत मागं जायला लागलं. त्याच आठवड्यात पाटबंधारे खात्याचे साहेब लाँचनं आले. कशाला आले होते कोण जाणे, बहुतेक पाण्याची पातळी बघायला. पांढरा शर्ट, हातात डायरी, बरोबर दोन माणसं. परसात येऊन त्यांनी भिंतीला बोट लावलं.

"हे दगड खालून आणलेत?"

"व्हय साहेब. आमच्याच घराचं हायत," आबा म्हणाले.

"बुडीत क्षेत्रातला दगड, माती, लाकूड, सगळं सरकारजमा आहे. त्याची भरपाई दिलेली आहे. आणि हे बांधकाम धरणाच्या हद्दीत येतंय."

आबांनी त्यांना हद्दीचा दगड दाखवला. भिंत त्याच्या अकरा फूट वर होती. आबांनी जन्मभर हेच केलेलं, फूट चुकला तर तोफेचा गोळा कुठं पडतो हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हे कशासाठी बांधलंय?"

"आकाश बगाया," आबा म्हणाले.

साहेब हसले. बरोबरची माणसंही हसली, त्यांना हसणं भागच होतं. मग म्हणाले, "आठ दिवसांत दगड जिथले तिथे ठेवा. नाही तर आम्ही येऊन पाडू."

दगड आमच्या आजोबांनी रचलेले. ते पाण्याखाली पडून कुणाच्याही उपयोगाचे नव्हते, पुढची शंभर वर्षं नसणार होते. आणि डोक्यावर ती तार गुणगुणत होती. मी आबांकडे बघत होते, की आता बोलतील. आबांनी पाय जुळवले, हात शिवणीला लावले आणि म्हणाले, "ठीक हाय साहेब. तेवडं लेखी द्या."

साहेबांनी डायरीचा कागद फाडून तिथल्या तिथं लिहून दिलं, सही केली, पिशवीतून शिक्का काढून मारला आणि गेले.

त्या संध्याकाळी मी घरात जे बोलले ते आज आठवलं तरी तोंड कडू होतं. "तुमी गप का बसला? चोवीस वर्षं साहेब साहेब करून पोट भरलं न्हाई का तुमचं?" आबा काड्यापेटीनं कंदील लावत होते. म्हणाले, "कागद वाच." वाचला, मी म्हटलं. "पुन्यांदा वाच." मी कागद चुलीकडे भिरकावला. आत्यानं तो उचलला. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय ते मोठ्यानं म्हण," ती मला म्हणाली. मी दातओठ खात वाचलं: बुडीत क्षेत्रातून उचललेले दगड आठ दिवसांच्या आत जिथले तिथे ठेवण्यात यावेत.

आत्यानं कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "जिथलं तिथं म्हंजी माज्या घरात न्हवं का?"

आबांनी कंदिलाची काच बसवली. "तेच म्हनतोय," ते म्हणाले. "हुकूम हाय. हुकूम पाळायचा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिंत उतरवली आणि दगड खाली नेऊ लागलो. तात्यांची बैलजोडी होतीच, पण आता वस्तीतले आणि वरच्या आळीतले लोकही आले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. कागदाची बातमी पसरली होती आणि प्रत्येकाच्या पोटात त्या कागदासारखं काही ना काही साठलेलं होतं. आमच्या जुन्या घराच्या जोत्यावर, गाळ खरवडून, आबांनी दोरीनं वर्तुळ आखलं आणि तीच भिंत पुन्हा उभी केली. दगड जिथले तिथे. छप्पर वरच राहिलं, पत्र्याबद्दल हुकुमात काही नव्हतं. तात्यांच्या दगडांचा प्रश्न आला, कारण त्यांचं जिथलं तिथं म्हणजे वरच्या आळीत. मोठे दगड त्यांनी तिकडं नेले. पायरीशी आल्यावर आत्या म्हणाली, "ही बी न्या. हुकूम हाय."

"ती हारावली म्हनून सांगा साहेबाला," तात्या म्हणाले, आणि त्यांनी ती आमच्याच दाराला बसवली.

आणखी एक गोष्ट आबांनी मला सगळं झाल्यावर दाखवली. परसातून वायव्येकडे बघितलं की डोंगराची सोंड आड यायची. खाली, जुन्या घरातून, खोऱ्याचं तोंड थेट उघडं दिसत होतं. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. "तितं बांदायची परवानगी कोन देनार व्हतं?" ते म्हणाले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जरासं काही हललं.

मग त्या संध्याकाळी आल्या. दिवस मावळायच्या आत मी आणि आबा दुर्बीण खांद्यावर घेऊन गाळातून खाली जायचो. माणसं येऊ लागायची. तरुण पोरं सरळ गाळ कापत यायची. म्हातारी माणसं मात्र वाकड्या वाटेनं यायची, आधी मला कळेना का. ती जुन्या गल्लीतून यायची. नसलेल्या भिंतीला वळसा घालायची, नसलेल्या कोपऱ्यावर वळायची. तात्या एका जागी नेहमी वाकायचे. तिथं म्हणे देवळाच्या ओसरीची बुटकी तुळई होती.

अंधारू लागलं की खोऱ्याच्या तोंडावर तो धूमकेतू दिसायचा. नुसत्या डोळ्यांनीही स्पष्ट, पांढरा, शेपूट वर उधळलेली. दुर्बिणीत त्याचं डोकं पिवळसर, आणि त्याच्याभोवती पातळ पापुद्रे. आत्या पायरीवर पाय देऊन आत यायची, डोळा लावायची आणि म्हणायची, "एवड्यासाटी एवडं दगड वाह्यलं व्हय?" आणि मग पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची.

जुलैत पाणी चढलं आणि भिंत गेली. एका दिवसात नाही, रोज एक थर. पुढच्या उन्हाळ्यात पाणी तेवढं खाली उतरलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उतरलं, तेव्हा भिंतीचे वरचे थर ढासळलेले होते आणि आत गाळ भरला होता. पुढं वीज आली. आत्यानं पहिल्या दिवशी दिवसभर दिवा जळत ठेवला. आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हे सगळं मी शांतपणे सांगू शकते. त्या चैत्रातली एक संध्याकाळ मात्र अजून शांतपणे सांगता येत नाही.

साहेब पुन्हा आले होते. हुकूम पाळला का ते बघायला. दुपारच्या लाँचनं येऊन ते सरळ परसात गेले, तिथं मोकळी जागा बघून खूश झाले, आणि मग कुणीतरी त्यांना खाली बोट दाखवलं. ते गाळातून तरातरा चालत आले. बूट घोट्यापर्यंत भरलेले.

"हे काय आहे?"

आबांनी खिशातून कागद काढला. "आपला हुकूम साहेब. दगड जिथलं तिथं ठेवल्यात."

"मी भिंत बांधायला सांगितली होती का?"

"हितं भिंतच व्हती साहेब. ह्या दगडांची."

"पाडून टाकीन मी ही."

"पाडा," आबा म्हणाले. आवाज चढला नाही, की कापला नाही. "पाडली तरी दगड हितंच पडत्यात. हुकूम काय मोडत न्हाई."

साहेब बराच वेळ बोलले. खटला, पोलीस, पेन्शन, सगळं झालं. आजूबाजूला तीसएक माणसं उभी होती, कुणी हललं नाही. साहेबांबरोबरच्या दोघांनी दगडाला हात लावला नाही. शेवटची लाँच यायला वेळ होता. सूर्य डोंगराआड गेला. साहेब एका बुंध्यावर जाऊन बसले, बुटातला गाळ काढत. हळूहळू अंधारलं आणि खोऱ्याच्या तोंडावर तो उगवल्यासारखा दिसू लागला. लोक एकेक करून आत जाऊन बघू लागले.

थोड्या वेळानं साहेब उठून दारापाशी आले. आवाज बदललेला. "लाँचला वेळ आहे. बघू का जरा?"

आबा बाजूला सरकले. सवयीनं, काही विचार न करता, पाय जुळवून. ते बघून मी पायरीवर जाऊन उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, मी माझं काम करतो. मला काय तुमचं वैर आहे?"

"नाही बघायचं."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे. मग म्हणाले, "आरसा तिनं घासलाया साहेब. ती म्हनंल ते."

साहेब बाहेर उभे राहिले. नुसत्या डोळ्यांनी त्यांना दिसतच होतं, ते मला अडवता येण्यासारखं नव्हतं. भोंगा वाजला तसे गेले. मागे वळून बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

हे मी वर्गात एकदा सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दाखवायला हवं होतं. आकाश सगळ्यांचं असतं." मी त्याला म्हटलं, आकाश असेल, दुर्बीण माझी होती. तो अवघडला. मोठेपणा दाखवायला हवा होता असं बऱ्याच जणांना वाटतं. मला आजवर तसं कधी वाटलं नाही. आम्ही गाव देऊन बसलो होतो, उजेड देऊन बसलो होतो. एक नकार तरी आमच्याकडे राहू दे.

त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले, तर ते लाँच लागायची तिथं कुणा अनोळखी प्रवाशापाशी उभे होते. मी मागून येतेय हे त्यांना दिसलं नव्हतं.

"पोरीनं साहेबाला न्हाई म्हटलं," ते सांगत होते. त्या माणसाला काही संदर्भ नव्हता, तो नुसती मान हलवत होता. आबांनी पुन्हा सांगितलं. "तोंडावर न्हाई म्हटलं. चोवीस वर्षांत मला एकदा बी जमलं न्हाई."